धाव काढली तर गल्ली जाते

सख्ख्या भावंडांनी एकत्र धंदा करू नये असं शहाणी माणसं सांगतात. ती शहाणी का, हे ताई आणि धाकटा यांच्या ऑफिसात चहा उकळेपर्यंत बसलं तरी कळायचं. भांडायला त्यांना विषय लागायचा असंही नव्हतं. खिडकी उघडायची की पंखा लावायचा, एवढंही पुरायचं. पण गेले काही महिने विषय एकच होता, आणि तो मात्र खरा होता. खेळातल्या माणसाला धावता यावं की नाही?

ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खालून ड्रिलचा आवाज वर यायचा, वरून बंदुकांचे आवाज खाली जायचे, आणि खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला दोन्हीकडून धास्ती. वर तिघं मिळून एक गेम बनवत होती. ओस पडलेलं एक गाव, त्यात समोरासमोर आलेल्या दोन टोळ्या. खेळणाऱ्याला आपलं शरीर दिसत नाही. डोळ्यांना जेवढं दिसेल तेवढंच स्क्रीनवर, आणि पुढ्यात आपल्याच हातातली बंदूक. ते गाव ताईने बांधलेलं. त्या गावात माणूस चालतो कसा, वळतो कसा, उडी मारून उतरला की किती अडखळतो, हे धाकट्याचं खातं. तिसरा आवाजवाला. त्याला सगळे टकटक म्हणायचे, कारण तो दिवसभर हातांत जुने बूट घालून फरशीवर, फळीवर, खडीवर आपटत बसायचा आणि तेच आवाज खेळात पावलांचे म्हणून घालायचा.

"एक बटण," धाकटा सुरू करायचा. "शिफ्ट दाबून धरलं की माणूस पळतो. पळताना बंदूक खाली. समोर कुणी आलं की बटण सोडा, बंदूक वर यायची वाट बघा, आणि तोवर मरा. ही सोय आहे की शिक्षा?"

"निवड आहे," ताई म्हणायची. "पळायचं की सावध चालायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यातच तर गंमत आहे."

"कुणी काही ठरवत नाही गं. सगळे बटण दाबूनच ठेवतात. त्यापेक्षा धाव काढून टाकू आणि मूळ चालच वाढवू. बंदूक कायम वर, पाय कायम हलके."

"आणि माझी गल्ली?"

इथे धाकटा पंख्याकडे बघायला लागायचा. कारण खरी मेख तिथेच होती.

गिरणीच्या फाटकापासून पुलापर्यंत जाणारी एक लांबलचक गल्ली, हा ताईच्या गावाचा कणा होता. दोन्ही बाजूंना दुकानं आणि घरं, आणि एकही दुसऱ्यासारखं नाही. शिंप्याच्या काउंटरवर अर्धवट कापलेली बाही, चष्मेवाल्याच्या भिंतीवर रिकाम्या फ्रेमांची रांग, कुणाच्या तरी जिन्यात उलटी पडलेली सायकल. त्या गल्लीवर ताईने दोन वर्षं घातली होती. पण गल्लीची लांबी पळणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ठरली होती. धाव काढून मूळ चाल वाढवली, तरी ती धावेइतकी वाढवता येत नव्हती. सगळेच वाऱ्यासारखे सुटले तर नेम कुणाचाच लागला नसता. मधल्या चालीला गल्ली लांब पडत होती. टोळ्यांची गाठ पडायच्या आतच लोक जांभया द्यायला लागले असते. धाव काढली की गल्ली निम्मी करावी लागणार, हे दोघांनाही पाठ होतं.

म्हणजे ताईचं धावेवर प्रेम होतं अशातला भाग नाही. गल्ली वाचवायची तर धाव वाचवायला हवी, एवढंच. आपला तो बाब्या. आणि बाब्यासाठी माणूस वाट्टेल त्या बटणाची वकिली करतं.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकांच्या बाई येणार होत्या. त्यांना खेळाचं एकच रूप दाखवायचं आणि पुढे तेच बाजारात जायचं. दोघांनी ठरवलं, आता तोंडाची वाफ पुरे, लोकांनाच खेळायला बसवू. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

लोक कुठून आणायचे हा प्रश्न त्यांनी केव्हाच सोडवलेला होता. खाली दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ताटकळणारी माणसं डॉक्टरीणबाई वर पाठवायच्या. गाल सुजलेला कारकून, दाढ ठणकणारी शिक्षिका, नव्या कवळीची सवय होत नसलेले एक निवृत्त आजोबा. दुखणं विसरायला खेळ बरा, असं बाईंचं मत होतं. संधी मिळाली की त्या स्वतःही हातमोजे काढून वर यायच्या आणि धडाधड मरायच्या. खेळणाऱ्याची नजर जिथे रोखलेली असेल तिथे संगणक एक लाल ठिपका ठेवायचा. संध्याकाळी सगळ्यांचे ठिपके गावाच्या नकाशावर एकदम बघायचे, अशी पद्धत होती.

पहिल्या संध्याकाळी ताईने नकाशा उघडला. चौकात ठिपके, गच्चीवर ठिपके, फाटकापाशी तर सडा पडलेला. आणि तिच्या गल्लीत? गल्लीत मधोमध एकच बारीक लाल रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंतींवर, खिडक्यांत, दारांत एकही ठिपका नाही.

"यंत्र बिघडलंय," ताई म्हणाली.

यंत्र ठणठणीत होतं. टकटकने दोनदा तपासलं. दोन वर्षांच्या गल्लीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ताईला वाईट वाटलं, म्हणजे चांगलंच वाईट वाटलं. पण तिच्या स्वभावात एक खोड होती. लागलेली गोष्ट ती फार वेळ उराशी धरून बसू शकत नसे. थोड्याच वेळात तिला 'असं का?' हा किडा चावायचा. का बघत नाहीत? गल्ली कंटाळवाणी आहे? लोकच आंधळे आहेत? की मध्ये तिसरंच काही आहे? रात्रभर सुतक पाळण्याऐवजी तिने दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत एक मांजर बसवली. पिवळ्याधमक दाराच्या उंबऱ्यावर, शेपटी हलवणारी. शेजारी संत्र्यांनी भरलेली गाडी उलटवून ठेवली. गल्लीभर संत्री.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. येताना त्यांनी खिशातून दातांचा एक प्लॅस्टरचा साचा आणला होता. कुणाची तरी अख्खी खालची कवळी. बसल्या बसल्या त्यांनी ती शिफ्टच्या बटणावर ठेवली आणि बटण दाबलं गेलंय ना याची खात्री केली.

"हे काय?" ताईने विचारलं.

"अहो, करंगळी आखडते सारखं धरून. माझी बोटं कामाची आहेत. कायम पळायचंच आहे ना? मग हे बसेल की धरून."

पलीकडच्या टेबलावर धाकट्याला हसू आवरेना. "घ्या तुमची निवड," तो म्हणाला. "कवळी ठरवतेय पळायचं की चालायचं."

"तू गप रे." ताईचं लक्ष स्क्रीनवर होतं. बाई गल्लीत शिरल्या, गल्लीतून सुसाट गेल्या, पुलावर पोचल्या आणि मेल्या.

"मांजर दिसली?"

"कसली मांजर?"

"बरं, संत्री?"

"ताई, मी जीव मुठीत धरून पळत होते," बाई जरा दुखावून म्हणाल्या. "मी काय बाजारात निघाले होते संत्री बघत?"

संध्याकाळच्या नकाशावर तीच लाल रेघ. मांजरीच्या नावाने एकही ठिपका नाही. धाकट्याने नकाशा पाहिला आणि आपल्या टेबलाकडे वळला. तेवढी अक्कल त्याला होती.

उलगडा झाला तो टकटकमुळे, आणि तोही त्याच्या मनात नसताना.

"ताई, शिंप्यासमोर दगडी फरशी आहे ना?" बूट हातात घालूनच तो आला. "तिथले आवाज नवे घातलेत. जरा गल्लीतून चालून ऐका बरं."

"चल, ऐकू." ताई त्याच्या टेबलाशी बसली. कानांना हेडफोन लावला, स्क्रीनवर गिरणीचं फाटक उभं राहिलं. ताईने कीबोर्डवर हात ठेवला आणि तिथेच थबकली.

"चालायचं कुठल्या बटणाने?"

टकटकला वाटलं, थट्टा आहे. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही कधी... म्हणजे, गावात कधी चालला नाहीत?"

ताई चालली नव्हती. गाव बांधणारी माणसं गावात चालतच नाहीत. त्यांच्याकडे उडता डोळा असतो. हवेत तरंगायचं, भिंतीतून आरपार जायचं, हव्या त्या खिडकीसमोर हवा तितका वेळ थांबायचं, एक खुर्ची जरा डावीकडे सरकवायची, पुन्हा वर उडायचं. पायांनी चालून बांधकाम कोण करील? दोन वर्षं ती त्या गल्लीत राहिली होती म्हणायला हरकत नाही, पण तिचे पाय गल्लीच्या जमिनीला कधी लागले नव्हते. काखेत कळसा म्हणतात तो हा. आणि गावाला वळसासुद्धा हवेतूनच घातलेला!

"दाखव बटणं," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण डोळ्यांत तो किडा चावल्याची चमकही होती.

आधी ती नुसती चालली. धाव असलेल्या रूपात मूळ चाल मुद्दाम मंद ठेवलेली असते, नाहीतर धावायला कोण जाईल? चष्मेवाल्यापाशी पोचेपर्यंतच ती वैतागली. "शी! चिखलात पाय रुतल्यासारखं वाटतं."

"म्हणून तर शिफ्ट," टकटक म्हणाला.

तिने शिफ्ट दाबलं. बंदूक छातीशी आडवी आली आणि स्क्रीनचा खालचा भाग झाकून बसली. संत्री बंदुकीमागे गेली. दृश्य वरखाली हिंदकळायला लागलं. ताईने पिवळं दार बघायला मान वळवली, तर पाय त्याच दिशेने वळले आणि ती थेट भिंतीवर जाऊन आदळली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा भिंत.

"अरे, मला मांजर बघायचीये! पळता पळता बाजूला कसं बघायचं?"

"नाही बघता येत. धाव फक्त समोर. नजर जिकडे, पाय तिकडे. बाजूला सरकायला गेलात की धाव सुटते."

ताईने हेडफोन काढला. तिला त्या लाल रेघेचं मूळ सापडलं होतं. लोक आंधळे नव्हते. गल्ली कंटाळवाणी नव्हती. ज्या बटणाची ती महिनोन्‌महिने वकिली करत होती, तेच बटण प्रत्येकाची मानगूट धरून त्याला सरळ पुढे बघायला लावत होतं. गल्ली ज्याच्या जिवावर उभी होती, त्यानेच गल्ली झाकून टाकली होती. एखादीला रडू आलं असतं. ताईला मात्र आधी हसू आलं, आणि मग स्वतःचाच जबरदस्त राग आला.

"तुझं ते बिनधावेचं लाव," तिने पलीकडे हाक दिली.

धाकटा उठून आला. त्याने आपलं रूप सुरू करून दिलं आणि मागे उभा राहिला.

या वेळी बंदूक वर होती, बाजूला, आटोपशीर. पाय हलके होते. आणि माऊस वळवला तरी पाय आपल्याच वाटेने जात राहिले. ताई गल्लीतून खेकड्यासारखी तिरपी निघाली, तोंड दुकानांकडे करून. शिंपी आला, गेला. बाही दिसली. रिकाम्या फ्रेमा एकामागून एक सरकत गेल्या. पिवळं दार, मांजर; मांजरीने शेपटी हलवली. ताईने उलट्या पावलांनी चालून बघितलं, तशीही गल्ली दिसतच होती, लांब जाताना. दुसऱ्या मजल्यावर तिने जीव ओतून केलेल्या पाट्या मात्र जमिनीवरून दिसतच नव्हत्या. त्या फक्त उडणारीला दिसायच्या. हेही तिने मनात टिपलं.

पण गल्ली संपेना. एरवी झर्रकन येणारा पूल आता येतच नव्हता. निम्म्यात तिला स्वतःच्याच गल्लीचा कंटाळा येऊ लागला, आणि ते तिला आतपर्यंत लागलं. धाकटा खोटं बोलत नव्हता. चाल बरोबर होती, लांबी चूक होती.

तिने हात बाजूला घेतले. खाली ड्रिल थांबलं होतं. कुणाचा तरी दात सुटला असावा.

"धाव काढ," ती म्हणाली.

धाकट्याने लगेच होकार दिला नाही. जिंकलेल्या माणसासारखा तो मुळीच दिसत नव्हता. "ताई, बघ हं. ठेवू या म्हणालीस तर ठेवू. प्रकाशकांच्या बाईंना धावेसकट दाखवू. मी नाही भांडणार."

"आता भांडणार नाहीस? महिनोन्‌महिने माझं डोकं खाल्लंस, आणि आता?"

"तुझी गल्ली आहे ती."

"जी कुणाला दिसतच नाही ती गल्ली असली काय, नसली काय! निम्मी राहिली तर निदान दिसेल तरी." तिचा आवाज जरा चिरला, म्हणून तिने तो चढवला. "चल, बस इथे. काय काढायचं ते आत्ताच ठरवू. उद्यावर गेलं तर माझा हात उचलायचा नाही."

तिने उडता डोळा उघडला आणि गल्ली वरून दाखवली. एकेका घरावर बाण नेत विचारायला लागली. खरं तर ती विचारत नव्हती, स्वतःशीच हिशेब करत होती. धाकट्याला यातलं काय कळतंय, असं तिने गृहीतच धरलं होतं. "हे छत्रीवाल्याचं काढते. लहानसं आहे, मोठा फरक पडणार नाही."

"छत्रीवाल्याचं नको," धाकटा म्हणाला.

"का?"

"मागच्या खोलीत ते टेबल आहे ना, दोन खुर्च्यांचं? एका खुर्चीचा पाय आखूड आहे आणि त्याखाली घडी केलेला कागद घातलाय. ते राहू दे."

बाण जिथल्या तिथे थांबला. त्या कागदाबद्दल ताईने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. गेल्या वर्षी एका दुपारी उगाचच, कुणी विचारलं तर हसतील म्हणून गुपचूप केलेली गोष्ट होती ती. मागची खोली, टेबलाच्या खाली, अंधारात.

"तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? मी चालतो ना तिथून."

"तू?"

"मी चाल बसवतो म्हणजे काय करतो असं तुला वाटतं? आकडा जरा बदलला की फाटकापासून पुलापर्यंत चालून बघायचं. पुन्हा बदलला, पुन्हा चालायचं. मंद चालीला तर करायला दुसरं काही नसतंच. दारं उघडी असतात, शिरतो आत. सगळी घरं फिरलोय मी तुझी."

"मग नकाशावर तुझे ठिपके कुठायत?"

"माझ्या यंत्रावर ठिपके बंद असतात. नाहीतर सगळा नकाशा माझ्याच ठिपक्यांनी भरून जाईल."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. हा तिचा भाऊ, ज्याला घरातला मिठाचा डबा कधी सापडला नाही, ज्याने तिचा नवा चष्मा आठवडाभर ओळखला नाही.

"बोलला का नाहीस कधी?" आनंद झाला होता, पण बाहेर पडताना त्याला रागाचीच वाट सापडली. "दोन वर्षं! एका शब्दाने नाही!"

"काय बोलणार? गल्ली छान आहे म्हणालो असतो, तर तू म्हणाली असतीस, मग कापायला का निघालास? आणि छान आहे म्हणून तर कापायला निघालो होतो. पळताना लोक बघतच नाहीत म्हटल्यावर..." मनातलं सांगायची त्याला सवय नव्हती. त्याने नाक खाजवलं. "जाऊ दे. तू काय काढायचं ते काढ."

"नाही, आता तूच सांग," ताई म्हणाली. "सगळी घरं फिरलायस ना? सांग, कुठलं काढू?"

धाकट्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि चाचरत म्हणाला, "रागावणार नसशील तर?"

"रागावेन. सांग."

"न्हाव्याचं काढ. ते तू कंटाळून केलंयस."

टकटकने हातातले बूट हळूच टेबलावर ठेवले आणि चहाचं निमित्त करून दुसऱ्या खोलीत सटकला.

ताईने बाण न्हाव्यावर नेला. तिने दुकान जवळ आणलं, आत शिरली, तिन्ही आरसे पाहिले. एकच आरसा तीनदा चिकटवला होता. तडासुद्धा तिन्हींचा एकाच जागी. कात्र्या शिंप्याकडून उचललेल्या. त्या आठवड्यात तिला ताप होता, की नुसता आळस होता, आता आठवत नव्हतं. पण कुणाच्या लक्षात येणार, असं तेव्हा वाटलं होतं एवढं नक्की आठवत होतं.

"तिन्ही तडे सारखेच आहेत," धाकटा हलक्या आवाजात म्हणाला. "दर वेळी दिसतं मला."

"गाढवा," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची तिला आता लाज वाटत नव्हती. तिने आयुष्यात कुणाला इतक्या मायेने गाढव म्हटलं नव्हतं.

मग तिने न्हाव्याचं दुकान निवडलं आणि पुसून टाकलं. गल्लीत एक रिकामी जागा पडली. धाकट्याने बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला.

"आता पुढचं," ती म्हणाली. "आणि खरं सांग."